पानाला दिसेल तेवढं आकाश

नर्सरीत 'इनडोअर' नावाचा एक कोपरा असतो. वर हिरवी शेडनेट, खाली कायम ओली जमीन, पुढे मनीप्लांट आणि स्नेक प्लांटच्या रांगा, आणि मागे भिंतीला टेकून रबराची झाडं, काळपट तांबड्या पानांची. आपण रबराकडे बोट दाखवून विचारतो, "घरात उजेड कमी आहे हो, जगेल ना?" हातातला पाइप खाली न ठेवता नर्सरीवाला म्हणतो, "बिनधास्त न्या. याला ऊन लागतच नाही. पाणी तेवढं रोज घाला." यातलं 'बिनधास्त न्या' एवढंच मला मान्य आहे.

तो फसवतो असं नाही. त्याच्याकडून आणलेलं झाड चार-सहा महिने तसंच टवटवीत दिसतं, आणि पुढे काय झालं ते सांगायला परत कोण जातंय? पण ती टवटवी आपल्या घराची नसते, त्याच्याकडची असते. पंच्याहत्तर टक्के ऊन अडवणाऱ्या जाळीखालीसुद्धा भर दुपारी वीस-पंचवीस हजार लक्स (हे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. तिथे खोडात, मुळांत साठवलेली शिदोरी झाड आपल्याकडे आल्यावर पुरवून पुरवून खात असतं. ती संपते तेव्हा खालची पानं पिवळी पडायला लागतात. आपल्याला वाटतं, पाणी कमी पडलं.

'इनडोअर' हा दुकानातला वर्ग आहे. वनस्पतिशास्त्रात तसा वर्ग नाही. तिथे सावली सोसणारी झाडं असतात आणि न सोसणारी असतात, आणि सोसणाऱ्यांनाही उजेड लागतोच. रबराचं झाड सोसणाऱ्यांपैकी. का सोसतं, ते मात्र नर्सरीत कुणी सांगत नाही आणि तीच यातली गंमत आहे.

आधी आमच्या घराबद्दल. दादरमधली जुनी इमारत, पहिला मजला, दिवाणखान्याची मोठी खिडकी उत्तरेला. समोर बैठी चाळ होती तोवर घर उजेडाचं होतं. चाळ पाडून टॉवर आला आणि टॉवरच्या खालच्या सगळ्या मजल्यांवर गाड्या. त्यामुळे आमच्या खिडकीतून आता दिसतो तो पार्किंगचा मजला. लोखंडी पट्ट्यांच्या झडपा आणि त्यांच्याआड भर दिवसाही जळणाऱ्या ट्यूबलाइट. पाहुणे तरीही म्हणतात, "छान उजेड आहे हो तुमच्याकडे." ते खोटं बोलत नाहीत. माणसाचा डोळा या बाबतीत फार लबाड आहे. उजेड शंभरपट कमी झाला तरी तो स्वतःला जुळवून घेतो आणि पेपर वाचता येतोय म्हटल्यावर आपल्याला सगळं आलबेल वाटतं. पानाला असं जुळवून घेऊन भागत नाही, कारण पानाला पेपर वाचायचा नसतो, स्वयंपाक करायचा असतो.

मोबाइलवर लक्स मोजायची फुकट ॲप्स मिळतात. आकडे काटेकोर नसतात, पण दोन जागांमधला फरक कळायला पुरतात. उघड्यावर, मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात लाखाच्या घरात आकडा जातो. श्रावणात आभाळ भरलेलं असतं तेव्हा गच्चीवर दहा हजारांच्या आसपास. आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्याच वेळी सहाशे-सातशे. आणि सोफ्यामागचा तो कोपरा, जिथे मासिकांमधल्या फोटोंत हमखास एक मोठी कुंडी ठेवलेली असते? चाळीस. खिडकीपासून तीन पावलं मागे आलं की उजेड असा कोसळतो, आणि डोळ्याला पत्ताही लागत नाही.

आता मी ॲपही काढत नाही. कुंडी ठेवायची त्या जागी खुर्ची ठेवायची, पानाच्या उंचीवर डोळा आणायचा आणि बाहेर बघायचं. आकाश दिसतं का? किती दिसतं? बस. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन फारसं येत नाहीच, झाडाचा सगळा धंदा आकाशाच्या उजेडावर चालतो. जिथून आकाशाचा तुकडाही दिसत नाही तिथे ठेवलेलं झाड हे फर्निचर. आमच्या घरात अशी जागा एकच आहे जिथून टॉवरच्या आणि शेजारच्या इमारतीच्या मधल्या फटीतून आकाशाची एक उभी पट्टी दिसते. खिडकीच्या डाव्या अंगाला, ग्रिलला चिकटून. दिवाणखान्याची मांडणी मग त्या पट्टीप्रमाणे ठरली. टीव्ही हलला, सोफा हलला. घरच्यांनी यावर जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

उत्तरेच्या खिडकीची एक चेष्टाच आहे. मुंबईत साधारण मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतही शिरू शकतं. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो. म्हणजे वर्षातला आमचा सुगीचा काळ नेमका जून-जुलै. आणि तेव्हा नेमका पाऊस.

तर हे झाड का सोसतं?

रबराचं झाड वडाच्या कुळातलं. फायकस इलास्टिका. वड, पिंपळ, उंबर यांचा सख्खा भाऊ. मूळ घर ईशान्य भारत आणि तिथून पुढे ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशिया. रानात ते तीस-चाळीस मीटर उंच जातं. पण या जंगलांत जमिनीवर अंधार असतो आणि तिथे पडलेल्या बारीकशा बीला काही भवितव्य नसतं. म्हणून हे झाड बहुतेकदा जमिनीवर जन्मालाच येत नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून बी दुसऱ्या एखाद्या झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथे साठलेल्या पाचोळ्यात रुजतं, आणि तिथूनच मुळं खाली सोडत सोडत काही वर्षांनी जमीन गाठतं. जुन्या वाड्यांच्या भिंतींतून पिंपळ उगवतो ना, तीच घराण्याची सवय.

म्हणजे ज्याला आपण अंधाराचं झाड समजून कोपऱ्यात ठेवतो ते मुळात अंधार चुकवण्यासाठी उंचावर जन्म घेणारं झाड आहे. त्याला सवय आहे ती वेगळ्याच गोष्टीची. बेचक्यातल्या मूठभर पाचोळ्यावर दिवस काढायचे म्हणजे मातीची चैन नाही, पाण्याची शाश्वती नाही. पाऊस आला की ओलं, थांबला की चार दिवसांत कोरडं. त्यामुळे पान जाड, वरून मेणचट, पाणी सहज सोडून न देणारं. ज्यांनी बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं त्यांना रबराच्या पानाचा आडवा छेद आठवत असेल. वरच्या सालीचे एकावर एक थर आणि त्यातल्या एखाद्या फुगीर पेशीत देठाला लटकलेला, द्राक्षाच्या घडासारखा कॅल्शियम कार्बोनेटचा खडा. सिस्टोलिथ. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये हा घड आम्ही इतका घोटून घोटून काढला आहे की अजूनही डोळे मिटून काढता येईल. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की हे जाडजूड पान म्हणजे तहान काढण्याची तयारी आहे. कुंडीतली तुटपुंजी माती, पंख्याची कोरडी हवा, सुट्टीत आठवडाभर विसरलेलं पाणी, हे सगळं त्या पानाला ओळखीचं आहे. कमी उजेडातही ते तग धरतं, पातळ आणि गडद पानं काढून काटकसर करतं. पण त्याचा खरा गुण तहान सोसण्याचा. आणि आपण त्याला रोज पाणी घालतो!

झाड पाणी ओढतं ते उजेडाच्या हिशेबानं. पान जितकं काम करेल तितकं पाणी मुळाकडून मागेल. अंधारात काम नाही, म्हणून मागणी नाही, म्हणून कुंडीतलं पाणी तसंच साचून राहतं. नर्सरीची लाल माती तर पाणी धरून दगडासारखी बसते. मग मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, कुजलेली मुळं पाणी उचलू शकत नाहीत, पानं मलूल होतात, आणि मलूल पानं बघून आपण आणखी एक तांब्या ओततो. कुंडीभोवती बारीक चिलटं उडायला लागली की समजावं, वेळ आली. आमच्याकडे पावसाळ्यात दहा-बारा दिवस पाण्याचं नाव काढायचं नाही असा नियम आहे. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि मग बुडातून वाहीपर्यंत. खालच्या ताटलीत साठलेलं लगेच ओतून टाकायचं. माती आणणं झालं की त्यात निम्मं कोकोपीट, वाळू आणि थोडं शेणखत. बाकी खत-औषधांचे सोहळे अंधाऱ्या घरात निरर्थक असतात. जेवायला बसायचीच ताकद नाही त्याच्यापुढे पक्वान्नं वाढून काय करायचं.

पानं पुसणं मात्र कामाचं. टॉवरचं बांधकाम चालू होतं तेव्हा चार दिवसांत पानावर सिमेंटची इतकी धूळ बसायची की बोटानं नाव लिहावं. मिळतोय त्या थोड्या उजेडातलाही वाटा ती धूळ खाते. ओलं फडकं, पानाखाली एक हात धरून, देठाकडून टोकाकडे. खोबरेल तेल लावून पानं चमकवतात काहीजण. चमकतात खरी, वर धूळ अधिकच चिकटते.

या झाडाच्या चिकाचा, म्हणजे झाडाला ज्यानं नाव मिळवून दिलं त्या रबराचा, एक किस्सा मला फार आवडतो. १८१० साली सिल्हेटच्या (आता बांगलादेशात) एका मॅथ्यू रिचर्ड स्मिथनं कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाला मध पाठवला, सिल्हेटच्या उत्तरेच्या, आजच्या मेघालयातल्या जैंतिया डोंगरांतून आला होता तसाच, भांड्यासकट. भांडं म्हणजे वेताच्या कामट्यांची विणलेली चौकोनी टोपली. वेताच्या टोपलीत मध, आणि थेंबही गळत नाही! आतून तिला एका झाडाचा चीक फासलेला होता. रॉक्सबर्गला मग मधाची गोडी राहिली नाही, त्यानं टोपली रिकामी करून आतलं अस्तर तपासलं आणि झाडाचा शोध घेतला. तेच हे झाड. त्या डोंगरांतल्या माणसांना ते अर्थातच आधीपासून माहीत होतं. पुढे १८७०च्या दशकात आसामात चारद्वारला त्याची सरकारी लागवडही झाली. पण १८७६ मध्ये हेन्री विकहॅमनं ब्राझीलमधून हेविया नावाच्या वेगळ्याच झाडाच्या सत्तर हजार बिया लंडनला नेल्या आणि रबराचा धंदा त्या झाडाकडे गेला. केरळात, आणि आता आपल्या दोडामार्गाकडेही, ज्या रबराच्या बागा दिसतात त्या या हेवियाच्या. एरंडाच्या कुळातलं झाड ते, आपल्या दिवाणखान्यातल्या रबराशी नातं नाही. धंदा गेला, नाव राहिलं, आणि बेकार झालेलं झाड जगभरच्या बैठकीच्या खोल्यांत येऊन बसलं.

मेघालयात मात्र ते अजून कामावर आहे. चेरापुंजीच्या खाली, तीनेक हजार पायऱ्या उतरून नॉन्ग्रियाटला गेलं की ओढ्यावर एकावर एक असे दोन जिवंत पूल दिसतात. याच झाडाच्या पारंब्यांचे. सुपारीचं पोखरलेलं खोड ओढ्यावर आडवं टाकायचं, कोवळं मूळ त्यातून पलीकडे न्यायचं, रुजू द्यायचं, आणि वाट बघायची. माणूस चालेल असा पूल व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात, कधी त्याहून जास्त. पुढे तो म्हातारा होत नाही, दणकट होत जातो. भिजलेल्या पुलावरून जाताना कठड्याचं मूळ मी हातानं दाबून बघितलं होतं, मांडीएवढं जाड, साल थंडगार. घरातल्या झाडाच्या बुडाशी सुतळीएवढी एक पारंबी लोंबते. ती बघून मला कधी कधी ओशाळल्यासारखं होतं.

आत्याला हे झाड पसंत नाही. "चिकाचं झाड घरात ठेवू नये गं, अपशकुनी असतं," ती दर वेळी सांगते. वास्तूवाल्यांचंही तेच म्हणणं. मी वाद घालत नाही, कारण त्या समजुतीत थोडं तथ्य आहेच. चीक अंगाला लागला तर काहींना खाज सुटते, डोळ्यात गेला तर आग होते, मांजरानं पान चावलं तर त्याचंही तोंड येतं. उलट्या टोकाची अंधश्रद्धा मला जास्त खटकते, ती म्हणजे घरातली झाडं हवा शुद्ध करतात ही. तिचं मूळ १९८९च्या नासाच्या अहवालात आहे. ते प्रयोग बंद, छोट्या पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला तेव्हा दिसलं की एरवी इमारतीत हवा खेळते तेवढं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला किमान दहा, नाहीतर थेट हजारापर्यंत झाडं लागतील. खिडकी उघडणं सोपं. झाड ठेवायचं तर ते बघायला बरं वाटतं म्हणून ठेवावं. नवं पान निघतं तेव्हा टोकाशी लाल सुरनळी येते, दिवसेंदिवस लांबत जाते, आणि एका सकाळी ती बाजूला पडलेली असते, आत गुंडाळलेलं पान तांबूस, ओलं, अर्धं उलगडलेलं. एवढं कारण मला पुरतं.

आकाशाची ती पट्टी पुरेशी नव्हती हे यथावकाश कळलंच. पेरांमधलं अंतर वाढत गेलं, पानं लहान झाली, आणि झाड खिडकीकडे कललं ते कललंच. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवूनही शेंडा पुन्हा तिकडेच. शेवटी दिवा लावला. जांभळा उजेड फेकणारे महागडे दिवे लागत नाहीत, साधा पांढरा वीस वॉटचा एलईडी पुरतो, पण शेंड्यापासून फूटभरावर हवा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. रोज बारा तास लावला तर महिन्याला सात युनिट. आमच्या मावशी फरशी पुसताना त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, माणसाला लाइट बंद करा म्हणता नि झाडाला दिवसाढवळ्या दिवा!" त्यांचं चुकत नव्हतं.

आणि शेंडा छताला लागायच्या बेतात आला तेव्हा गुटी बांधली, म्हणजे शेंडा झाडावर असतानाच त्याला मुळं फोडून घेतली. गुटी म्हटलं की आपल्याकडे डाळिंब आठवतं, पण रबराला ती फार छान लागते. जूनचा दुसरा पंधरवडा. शेंड्यापासून हातभर खाली, पेराच्या जरा खालून, धारदार चाकूनं बोटाच्या पेरभर रुंदीची साल गोल काढली. लगेच पांढरा चीक ठिबकायला लागला. ओल्या फडक्यानं टिपत राहायचं, नाहीतर फरशीवर काळे डाग पडतात आणि निघत नाहीत. खालचा लाकडाचा भाग चाकूच्या पाठीनं खरवडून घेतला, कारण तिथे सालीचा हिरवट पापुद्रा राहिला तर झाड जखम भरून काढतं आणि मूळ धरत नाही. त्यावर भिजवून पिळलेलं मॉस, म्हणजे सुकं शेवाळ, मूठभर, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, दोन्ही टोकांना सुतळी घट्ट. गुंडाळी लाडवाएवढी. महिना-सव्वा महिन्यानं कागदाच्या आत पांढरी मुळं फिरताना दिसली. गुटीच्या खाली करवतीनं कापलं. खाली राहिलेल्या खोडाला दोन डोळे फुटले आहेत, दोन्ही अर्थातच खिडकीकडच्या बाजूला.

कापलेल्या शेंड्याचं काय करायचं, यावर घरात आणि बाहेर पुष्कळ चर्चा झाली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "खाली कंपाउंडात लावून टाका." ते मी साफ नाकारलं. वडाच्या भावाला इमारतीच्या ड्रेनेजशेजारी जागा देणं म्हणजे उद्याचं भांडण आजच विकत घेणं. शिवाय शहरात झाड मोठं झालं की १९७५च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय फांदीला हात लावता येत नाही, मग मुळं पाइपात शिरली की सगळे मला शोधणार. आणि ते कंपाउंड म्हणजे दोन भिंतींमधली बोळ. तिथून तर पट्टीएवढंही आकाश दिसत नाही. गच्चीवर वॉटरप्रूफिंगमुळे कुंड्यांना बंदी.

चिपळूणचा मावसभाऊ गणपतीला येऊन गेला, त्याच्याबरोबर शेंडा गाडीत आडवा घालून पाठवला. आगराच्या कडेला लावतो म्हणाला. पोचल्यावर फोन आला तेव्हा मी बजावलं, "विहिरीपासून लांब लाव हं, मुळं चिरे फोडतात."

"तू मला नको शिकवूस," तो म्हणाला. "विहिरीत उंबर आहे आमच्या. आजोबांपासून काढतोय आम्ही त्याला."